घरचा पडदा



बोलपट पाहावयास जाणें ही एके काळीं मध्यमवर्गीय घरांतील लहानशी यात्राच होती. दोन दिवस आधीं बेत ठरावयाचा, शेजारच्या वहिनींना विचारणें व्हावयाचें, दुपारींच रात्रीच्या भाजीची निवडटिपण उरकावयाची, आणि मध्यंतरांतील चहा-भजी जमेस धरून पैशांचा हिशेब व्हावयाचा. चित्रगृहांत काळोख झाला कीं डोळे पुसण्यास मोकळीक मिळे. परततांना रस्त्यानें कोणी कोणाशीं फारसें बोलत नसे, कारण ज्याच्या त्याच्या मनांत तो पट अजून चालूच असे. आतां चित्रपटच घरीं येऊं लागला आहे. तो खिशांतल्या यंत्रांत मावतो, जेवतांना ताटाशेजारीं उभा राहतो, आणि कंटाळा आला तर बोटानें पुढें ढकलतां येतो. सोय झाली यांत शंका नाहीं. पण एका घरांत सहा माणसें आणि सहा पडदे हा देखावा आतां नवा राहिलेला नाहीं, आणि एकाच्या पडद्यावर काय चाललें आहे याची दुसऱ्याला वार्ताहि नसते.

पुण्यांतील एका कुटुंबानें यावर एक साधा उपाय योजला. दर शनिवारीं रात्रीं जेवणें आटोपलीं कीं दिवाणखान्यांतील भिंतीवर पांढरा पडदा सोडावयाचा, लहानशा यंत्रानें त्यावर चित्र पाडावयाचें, आणि सर्वांनीं मिळून एकच चित्रपट पाहावयाचा. नियम तीन. पट मध्येंच थांबवावयाचा नाहीं. आजोबांच्या गुडघ्यांसाठीं एक मध्यंतर तेवढें मान्य आहे. हातांत फोन घ्यावयाचा नाहीं. आणि पट संपल्यावर दहा मिनिटें तरी कोणीं उठावयाचें नाहीं. निवड पाळीपाळीनें करावयाची.

या घरांतील आजोबा न्यायालयांत नोकरी करून निवृत्त झालेले. आजी ब्याऐंशी वर्षांच्या. मुलगा बँकेंत अधिकारी. सून शाळेंत मराठी शिकविते. नात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि नातू तेरा वर्षांचा. पहिले दोन-तीन शनिवार वाईट गेले. नातवानें निवडलेल्या पटांत आजींना कोण कोणाला कां मारतो हें कळेना, आणि मुलानें निवडलेला पट संपण्यापूर्वींच नातू झोंपी गेला. तेव्हां सुनेनें तोडगा सुचविला कीं, पट असा असावा जो कोणाच्याच पिढीचा नाहीं. म्हणजे १९५० च्या आधींचा, मराठी, आणि शक्य तर कोणींच न पाहिलेला. आजोबांनीं यांतले एक-दोन पाहिले असल्याची कबुली दिली, पण तेवढ्यावरून त्यांना वगळणें बरें दिसलें नसतें.

तीसाच्या दशकांतील पट आज पाहावयास बसणाऱ्यानें आपल्या कानांना थोडी सवड द्यावी लागते. ध्वनिमुद्रण खरखरीत असतें, शब्दोच्चार रंगभूमीवरून थेट उतरलेले असतात, आणि एखादें पात्र दारांतून आंत येऊन चौरंगावर बसेपर्यंत कॅमेरा निवांत वाट पाहतो. नातवानें पहिल्या रात्रीं घड्याळाकडे चार वेळां पाहिलें. तिसऱ्या शनिवारापासून त्यानें तें सोडून दिलें. ज्या गतीची लहान मुलें नेहमीं तक्रार करतात त्या गतीलाच तीं सर्वांत लवकर सरावतात. मोठ्यांना अधिक वेळ लागतो.

पहिला मान 'ब्रह्मचारी'ला मिळाला. १९३८ सालीं निघालेला हा पट आचार्य अत्रे यांनीं लिहिला आणि मास्टर विनायक यांनीं दिग्दर्शित केला, नायकहि तेच. ब्रह्मचर्याची दीक्षा घेऊन बलोपासना करूं पाहणारा तरुण, आणि त्या दीक्षेची कसोटी पाहणारी मीनाक्षी. मीनाक्षींनीं पोहण्याच्या पोषाखांत म्हटलेल्या गाण्यानें त्या काळीं केवढें वादळ उठविलें होतें हें आजोबा मोठ्या गांभीर्यानें सांगूं लागले, तेव्हां नातीनें पडद्याकडे पाहून, "एवढ्याचें?" असा एकच प्रश्न विचारला. दामुअण्णा मालवणकरांच्या नुसत्या नजरेवर नातू लोळून हंसला. याहून अधिक त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखें नाहीं. विनोदी पटानें हंसविलें कीं त्याचें काम झालें.

त्यानंतरच्या शनिवारापासून 'प्रभात'चे पट सुरू झाले, आणि दहा मिनिटें न उठण्याच्या नियमाला अर्थ आला. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्यें कोल्हापुरांत निघाली, १९३३ मध्यें पुण्यास आली, आणि १९५३ मध्यें बंद झाली. तिची वास्तु या कुटुंबाच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. तेथें १९६० सालापासून चित्रपटकला शिकविणारी सरकारी संस्था चालते. नातू रोज शाळेस जातांना त्या फाटकावरून जातो. 'संत तुकाराम' तेथें तयार झाला हें मात्र त्याला ठाऊक नव्हतें.

'संत तुकाराम' १९३६ चा. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल. हा पट मुंबईस वर्षभराहून अधिक काळ चालला, आणि १९३७ च्या व्हेनिस येथील महोत्सवांत त्याची निवड जगांतील उत्कृष्ट पटांत झाली. इतकी कीर्ति ऐकल्यावर माणूस थोडा साशंक होऊन बसतो. आजोबा साशंक नव्हते. ते हात जोडून बसले होते. विष्णुपंत पागनीस हे पूर्वीं रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. त्यांच्या तुकारामांत जें मार्दव आहे तें तेथूनच आलें असावें. ते अभंग म्हणत नाहींत; बोलतां बोलतां त्यांचा स्वर अभंगांत शिरतो. शांताराम आठवले यांनीं या पटासाठीं लिहिलेलें एक पद इतकें तुकोबांच्या वळणाचें उतरलें कीं, पुष्कळांनीं तें गाथेंतलेंच समजून गाथेंत शोधलें. सुनेनें हें शाळेंत अनेकदां सांगितलें होतें. तें पद चालू असतां तिनें मुलाच्या पाठीवर हळूच थाप मारून खूण केली.

पण पट संपल्यावर पहिला विषय निघाला तो तुकारामांचा नव्हे, जिजाईचा. ही भूमिका गौरी या नटीची. नटी म्हणून तिला कसलेंहि शिक्षण नव्हतें. कंपनींत साध्या कामांपासून ती वर आली होती. तिच्या बोलण्यांत, शेण-गोवऱ्यांत हात घालण्यांत, म्हशीवर ओरडण्यांत अभिनय कोठें सुरू होतो आणि कोठें संपतो हें दाखवितां येत नाहीं. पोर तापानें फणफणतें, तेव्हां ती पायांतली वहाण हातांत घेऊन देवळांत शिरते आणि विठोबाला जाब विचारते. महाराजांकडून नजराणा येतो, तेव्हां पोरांच्या अंगावर तीं वस्त्रें घालून ती क्षणभर सुखावते, आणि नवरा तें सर्व परत पाठवितो. शेवटीं गरुड-विमान येतें. तेव्हांहि तिच्या मागें घर, चूल आणि पोरें आहेतच.

आजोबा म्हणाले, "तुकोबांची सहनशीलताच थोर. अशी कर्कशा बायको असून माणसानें एवढी वाणी निर्माण केली."

आजी पानाचा डबा उघडीत होत्या. त्या वर न पाहतां म्हणाल्या, "अहो, ऊंस वांटून एक कांडें घेऊन घरीं आल्यावर, त्या रात्रीं पोरांच्या ताटांत काय पडलें तें कोणीं विचारलें का?"

यावर आजोबा कांहीं बोलले नाहींत. आजींच्या प्रश्नाचें उत्तर पटांतच आहे, आणि तीच त्या पटाची मोठी करामत आहे. दामले-फत्तेलालांनीं जिजाईला खलस्त्री केली नाहीं. तुकाराम जितके खरे, तितकीच तीहि खरी. ज्याच्या भक्तीनें प्रेक्षकाचे डोळे भरून येतात त्याच्याच घरांत पीठ संपलेलें आहे, आणि या दोन गोष्टींतली एकहि खोटी पाडून दिग्दर्शक आपली सुटका करून घेत नाहींत. नातवाला गरुडाच्या पंखांची दोरी दिसली कीं नाहीं यावर बहीण-भावांत बराच वाद झाला. चमत्कारांची ती बाजू आज भाबडी दिसते, आणि दिसेना. जातें, म्हैस आणि वहाण यांना अजून म्हातारपण आलेलें नाहीं.

'माणूस' १९३९ चा, दिग्दर्शक व्ही. शांताराम. गणपत नांवाचा पोलीस शिपाई एका धाडींत मैनेला पाहतो, तिला सोडवितो, आणि तिच्यावर प्रेम करूं लागतो. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांच्या या भूमिका. नातीला या पटाबद्दल फार उत्सुकता होती, कारण प्रेमभंगानें दारू पिऊन मरणाऱ्या नायकाला, म्हणजे १९३५ च्या 'देवदास'ला, शांताराम यांनीं हें उत्तर दिलें असें तिनें वाचलें होतें. उत्तर म्हणून तें चोख आहे. मैना गणपतला मरूं देत नाहीं. जगण्याचें कर्तव्य त्याच्या हातांत सोंपवून ती स्वतः तुरुंगांत जाते. मैनेच्या तोंडचें अनेक भाषांतून फिरणारें गाणें मुलाला बँकेंतल्या सहलींमुळें पाठच होतें. शांताबाईंच्या आत्मचरित्रालाहि पुढें त्याच गाण्यावरून नांव मिळालें. आपल्याच धंद्याची थट्टा करण्याची शांताराम यांची हौसहि या पटांत पुरी झाली आहे: गणपत आणि मैना फिरावयास जातात तों एका झाडाखालीं दुसऱ्याच कंपनीच्या गोड-गोड प्रेमप्रसंगाचें चित्रण चाललेलें असतें.

सुनेनें त्या रात्रीं एकच गोष्ट बोलून दाखविली. गणपतच्या सुटकेसाठीं जें शहाणपण लागतें तें सर्व मैनेजवळ आहे. मग तें तिच्या स्वतःच्या सुटकेला कां पुरत नाहीं? मुलगा म्हणाला, "काळच तसा होता." सून म्हणाली, "काळ पट काढीत नाहीं, माणसें काढतात." हा संवाद एवढ्यावरच थांबला, पण पुढच्या शनिवारची निवड सुनेची होती आणि तिनें 'कुंकू' लावला.

'कुंकू'विषयीं थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे. १९३७ चा हा पट, दिग्दर्शक शांतारामच. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून तो घेतला आहे. मामा-मामी पैशाच्या लोभानें नीरा नांवाच्या मुलीचें लग्न फसवून एका वयस्क, बिजवर वकिलाशीं लावून देतात. जरठ-बाला विवाह हा विषय मराठी प्रेक्षकांना नवा नव्हता. देवलांचें 'शारदा' नाटक १८९९ सालींच रंगभूमीवर आलें होतें, आणि भुजंगनाथावर दोन पिढ्या हंसल्या होत्या. पण 'शारदे'ंत अनर्थ टळतो. लग्न मोडतें, तेंहि सगोत्राच्या शास्त्रार्थानें आणि कोदंडासारख्या परोपकारी तरुणाच्या खटपटीनें. 'कुंकू'ंत लग्न लागून गेलेलें आहे. धांवून येणारा कोणी कोदंड नाहीं. जें काय करावयाचें तें नीरेला, त्याच घरांत राहून, त्याच सासरच्या माणसांत करावयाचें आहे. अडतीस वर्षांत मराठी मन किती चाललें हें मोजावयाचें असेल तर या दोन कृतींमधील हें अंतर मोजावें. १९३० पासून अमलांत आलेल्या शारदा कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलीचें लग्न गुन्हा ठरविलें होतें. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचें पन्नाशीच्या वराशीं लग्न लावण्यास त्या कायद्याची आडकाठी नव्हती. नातीनें ही कायद्याची बाजू मध्यंतरांत सर्वांना समजावून दिली.

या पटाला पार्श्वसंगीत नाहीं. ही गोष्ट प्रथम ध्यानांत येत नाहीं. नुसतें काहींतरी अवघडल्यासारखें वाटत राहतें. मग कळतें कीं, ऐकूं येतें आहे तें घर आहे. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, बाहेरची वर्दळ. दुःखाच्या प्रसंगीं सारंगी रडूं लागली म्हणजे प्रेक्षकाला आपलें रडणें तिच्यावर सोंपवितां येतें. येथें ती सोय काढून घेतली आहे. केशवराव भोळे यांच्यासारखा संगीतकार हातीं असतां हें करावयाचें, याला धैर्य लागतें. गाणीं आहेत, पण तीं त्या घरांतलीच माणसें म्हणतात. त्यांत लाँगफेलो या अमेरिकन कवीची एक इंग्रजी कविताहि शांता आपटे म्हणतात, आणि ती ऐकतांना सुनेला हंसूं आलें नाहीं, याचें तिचें तिलाच नवल वाटलें.

नीरा नवऱ्याला नवरा मानीत नाहीं. तिचा नकार आदळआपट करीत नाहीं. तो रोजचा आहे, आणि म्हणूनच त्या घराला असह्य होतो. सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हां ती छडीनें त्याची पूजा बांधते, आणि नातवानें येथें टाळ्या वाजविल्या. काकासाहेबांची समाजकार्य करणारी मुलगी नीरेच्या बाजूनें उभी राहते. ही भूमिका शकुंतला परांजपे यांची, आणि पडद्याबाहेरहि त्या संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या पहिल्या कार्यकर्त्यांपैकीं एक होत्या. ही माहिती आजोबांनीं पुरविली. शांता आपटे यांच्याविषयींची माहिती नातीनें पुरविली: कराराच्या वादावरून १९३९ मध्यें त्या प्रभातच्या फाटकाशीं उपोषणास बसल्या होत्या, आणि पुढच्याच वर्षीं 'जाऊं मी सिनेमांत?' हें पुस्तक त्यांनीं लिहिलें. "त्याच फाटकाशीं?" नातवानें विचारलें. त्याच.

केशवराव दाते यांचे काकासाहेब पाहतांना मात्र टाळ्या वाजवितां येत नाहींत. भुजंगनाथाला हंसून प्रेक्षक मोकळा होई. दाते यांनीं ती वाट बंद केली आहे. हा म्हातारा दुष्ट नाहीं. तो रंगेल आहे, मानी आहे, थोडा हास्यास्पदहि आहे; पण हळूं हळूं त्याला दिसूं लागतें. आरशांत तोंड पाहतां पाहतां त्या आरशाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यांतून त्याचेंच तोंड त्याला हंसतें, हा प्रसंग तंत्राच्या दृष्टीनें त्या काळीं गाजला. आज तो थोडा हुशारीचा वाटतो. त्याच्या आधीं, कलप लावतांना दाते यांचा हात जो किंचित् थांबतो, तेवढ्यानेंच काम झालें होतें. अखेरीस काकासाहेब नीरेला मुलगी मानतात, तिनें नवें आयुष्य सुरू करावें असें पत्र लिहून ठेवतात, आणि आपलें जीवन संपवितात.

दिवा लागला. दहा मिनिटांच्या नियमाची त्या रात्रीं गरज पडली नाहीं.

नात म्हणाली, "मला हा शेवट फसवा वाटतो. म्हातारा मेला, म्हणून ती सुटली. तो जगता तर? कायद्यानें तिला काय मिळालें असतें? त्या काळीं हिंदु स्त्रीला घटस्फोटच नव्हता."

आजोबा म्हणाले, "पण त्याला चूक कळली ना? कोणाला एवढी कळते? मला तर त्याचीच दया आली."

"आबा, दया येऊं दे. मी ती नाहीं म्हणत नाहीं. पण दया त्याच्यावर संपते आणि मामा-मामी घरीं सुखरूप राहतात."

हें बोलणें बिनतोड होतें. पटानें मामाला अखेर हिशेबास बोलावलें नाहीं; सगळा भार एका म्हाताऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर टाकला. एवढ्या निर्भय पटानें शेवटीं हात आंखडला, आणि याचें कारण कदाचित् असें असेल कीं, समोर बसलेल्या प्रेक्षकांत मामा-मामीच फार होते.

आजी इतका वेळ गप्प होत्या. मग त्या सांगूं लागल्या. घरांत कोणीं पूर्वीं कधीं ही हकीकत ऐकलेली नव्हती. आजोबांनींहि नाहीं, आणि लग्नाला साठ वर्षें झालीं होतीं.

आजींच्या वडिलांची थोरली बहीण सोळाव्या वर्षीं एका बिजवराला दिलेली. तो एकूणपन्नास वर्षांचा. फसवून दिलेली नव्हे. सर्वांना सर्व ठाऊक होतें. घरांत चार मुली, हुंड्याला पैसा नाहीं, आणि स्थळानें कांहीं मागितलें नाहीं. पुण्यांत वाडा होता, खाऊन-पिऊन सुखी घर. आत्याबाईंना कोणीं छळलें नाहीं. नवरा सज्जन होता.

"तीच तर अडचण होती," आजी म्हणाल्या. "वाईट असता तर तिला रडतां तरी आलें असतें. माहेरीं येऊन सांगायचें काय? कीं तो भला माणूस आहे?"

'कुंकू' लागला तेव्हां आत्याबाईंच्या लग्नाला वर्ष झालें होतें. आळींतल्या बायका कुजबुजत पाहून येत होत्या. नवऱ्याजवळ नांव काढण्याची सोय नव्हती. तेव्हां शेजारच्या दोघीजणींनीं युक्ति काढली. देवळांत कीर्तन आहे असें घरीं सांगून तिघी चित्रगृहांत जाऊन बसल्या. परत आल्यावर नवऱ्यानें ओसरीवरूनच विचारलें, "आख्यान काय होतें?" आत्याबाई म्हणाल्या, "रुक्मिणीस्वयंवर." तो "बरें" म्हणाला.

दिवाणखान्यांत येथें सर्वजण हंसले. आजी हंसल्या नाहींत.

"चार दिवसांनीं त्यांनीं तिच्या हातावर पैसे ठेवले. म्हणाले, कीर्तन अजून आठवडाभर चालणार आहे असें ऐकतों. पुन्हां ऐकावेंसें वाटलें तर जा."

कोणी कांहीं बोललें नाहीं. मग नातीनें विचारलें, "मग? गेल्या त्या?"

"गेली ना. एकटी गेली. पुढें एकवीस वर्षें संसार केला त्यांचा. शेवटचीं सहा वर्षें ते अंथरुणावर होते. सगळें हिनें केलें. त्या कीर्तनाचें दोघांत पुन्हां कधीं नांव निघालें नाहीं. मला तिनें सांगितलें तें ते गेल्यावर पुष्कळ वर्षांनीं. मी तेव्हां लग्नाची होतें."

आजोबा हळूच म्हणाले, "म्हणजे त्यांना कळलें होतें. चांगला माणूस."

नातीचा आवाज चढला नाहीं, पण तिनें माघारहि घेतली नाहीं. "चांगला होता, आबा. पण पैसे देऊन पुन्हां पाहायला पाठवलें म्हणून आत्याबाईंचीं वर्षें त्यांना परत मिळालीं नाहींत."

"नाहींच मिळालीं," आजी लगेच म्हणाल्या. जणूं हें वाक्य कोणीं तरी बोलण्याची त्या वाट पाहत होत्या. "तीहि असेंच म्हणाली होती. वाईट वाटून नव्हे. हिशेब सांगावा तसें."

मग सुनेनें विचारलें कीं, दुसऱ्या वेळीं त्या एकट्या गेल्या तेव्हां काय झालें, हें त्यांनीं कधीं सांगितलें का. आजींनीं थोडें आठवून पाहिलें. आत्याबाई एवढेंच म्हणाल्या होत्या कीं, पहिल्या वेळीं त्यांनीं सगळा वेळ नीरेकडे पाहिलें, आणि दुसऱ्या वेळीं म्हाताऱ्याकडे. आणि त्या चित्रगृहांत बायकांच्या बाजूला त्यांच्यासारख्या आणखी कितीजणी कीर्तनाला म्हणून आल्या असतील, हा विचार त्यांच्या मनांत येऊन त्यांना काळोखांत एकाएकीं हंसूं फुटलें होतें. शेजारच्या बाईनें वळून पाहिलें, आणि तीहि हंसूं लागली. पडद्यावर त्या वेळीं हंसण्यासारखें कांहींच चाललेलें नव्हतें.

पावणेबारा झाले होते. आजींना औषध घ्यावयाचें होतें. नातवानें पडदा गुंडाळला. पुढच्या शनिवारीं त्याची पाळी आहे, आणि त्यानें 'शेजारी' निवडला आहे; बुद्धिबळ खेळणाऱ्या दोन म्हाताऱ्यांची, जिवबा पाटील आणि मिर्झा यांची ती १९४१ ची गोष्ट. शेवटीं धरण फुटतें एवढें त्यानें कोठें तरी वाचलें आहे, आणि तें धरण खरें होतें कीं बाहुल्यांच्या घरासारखें बनविलेलें, हें त्याला पाहावयाचें आहे. त्या पटांतहि केशवराव दाते आहेत असें कळल्यावर आजी म्हणाल्या, "मग मला पुढें बसव. त्या दिवशीं डोक्यांच्या आड त्यांचा हात नीट दिसला नाहीं."